भूगोलाचा अर्धा तास

पुस्तकात आमचं खोरं अंगठ्याच्या नखाएवढं.
झेवार त्यावर बोट ठेवते
आणि सगळं झाकून जातं:
नदी, गावं, तिची लंगडी शेळी, मी.

फळा राहू दे, म्हटलं. चला बाहेर.
अकरा मुलं, एक कुत्रा
आणि पश्चिमेचा वारा,
जो रोज दुपारी हजेरी लावतो
आणि जाताना दातांत वाळू ठेवून जातो.

पाठीशी पामीर. तोंडासमोर हिंदुकुश.
मधल्या सपाटीची रुंदी किती?
गाढव पाणी पिऊन परत येईल एवढी, सर.
बरोबर. लिहा.

गाव कुठे वसतं?
डोंगरातून सुटलेला नाला जिथे दम टाकतो,
पोटातला दगडगोटा ओकून
पंख्यासारखा पसरतो, तिथे.
एक नाला, एक गाव.
मधल्या जागेत कुणी नाही;
काटेरी झुडपं तेवढी, नारिंगी आंबट फळांची,
ज्यांना हात घालायचा तर रक्त द्यावं लागतं.
पणजोबांनी दगड वेचले, आजोबांनी वेचले,
काल मीही सातूच्या वावरातून एक उचलला
आणि बांधावर ठेवला.
दर थंडीत जमीन नवे दगड वर ढकलते.
तेही लिहा. पुस्तकात नाही.

समोरच्या काठावर तसंच सगळं.
नाला, पंखा, पॉप्लरची रांग, मातीची सपाट छपरं.
धूर मोजा.
नऊ.
काल दहा होते.
मुलं गप्प होतात. मग बख्तोवार म्हणतो,
शेणी ओल्या असतील.

आजीची धाकटी बहीण त्या घरांतल्या एकात नांदायला गेली.
दवलतमो. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावर,
मांडीवर पितळेचा हंडा, हंड्यात मुठभर इथली माती.
सासर हाकेच्या अंतरावर.
दर जुम्म्याला येईन म्हणाली.
वसंतात शिपाई आले
आणि सगळ्यांना सांगत सुटले: सरहद्द, सरहद्द.
आजी म्हणायची,
मला वाटलं, नव्या पुलाचं नाव असेल.

सण आला की आमची पोरं
छताच्या झरोक्यातून ओढणी आत सोडतात,
खालची बाई तिच्या टोकाला काहीतरी बांधते,
अंडं, सुका जर्दाळू, लोकरीचे मोजे.
आजीनं एका वर्षी सात ओढण्या एकमेकींना शिवल्या.
मग उसवल्या. उसवलेल्या टाक्यांची भोकं
अजून आमच्या पडद्यात दिसतात.

सर, नदीनं पात्र बदललं तर?
गेल्या वर्षी ते वाळूचं बेट आपलं होतं.
मी म्हटलं, रेघ पाण्याच्या मधोमध असते.
पण पाण्याला तीन फाटे आहेत.
मधोमध कशाच्या?
आमची गाय तिथे चरायला गेली होती,
तिला दोन दिवस चौकीवर बांधून ठेवलं,
दूध शिपायांनी प्यालं.
ह्याला उत्तर काय लिहायचं?
जागा सोडा, म्हटलं. चार ओळी.

आता वेळ. घड्याळात बारा.
तिकडे?
साडेअकरा, साडेअकरा! हे त्यांना पाठ आहे.

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा ओरडला,
याकाला असेल, किंवा नातवाला.
आमच्याच भाषेत.
"ये रे, चहा निवतोय."

झेवारनं हात वर केला.
सर, तो साडेअकराला ओरडला.
आपण बाराला ऐकलं.
अर्धा तास हाक होती कुठे?

कुणी हसलं नाही.
मी नदीकडे बघितलं, ती राखाडी,
घाईत, गाळ वाहून नेणारी,
दोन्ही डोंगरांचा गाळ एकत्र, वेगळा न करता येणारा.
मला काही सुचलं नाही.
नोकरीला एकतीस वर्षं झाली.

कुत्रा मात्र हाक ऐकून गेला होता,
पहिला फाटा, बेट, दुसरा फाटा.
शेपूट हलवत कुणासमोर तरी उभा राहिला,
मग कंटाळून परत आला
आणि आमच्या मधोमध अंग झटकलं.

सगळ्यांच्या वह्यांवर
तिकडचं पाणी.